तेलाचा बॉयलर काढताय? आधी या चुका टाळा

बॉयलर निघून तीन आठवडे झाले होते. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बायको बेसमेंटमधून इडलीच्या पिठाचं पातेलं घेऊन वर आली आणि ओट्यावर आपटत म्हणाली, "बघ, जसंच्या तसं!" रात्रभर ठेवूनही पीठ बोटभर वर आलं नव्हतं. आठ वर्षं ते पातेलं बॉयलरशेजारच्या फळीवर असायचं. बाहेर दोन फूट बर्फ का असेना, सकाळी पीठ झाकण ढकलत असे. मी थर्मामीटर घेऊन खाली गेलो. ४६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे आठ सेल्सिअस. बाहेरच्या भिंतीला चिकटून गेलेल्या पाण्याच्या पाइपला हात लावला आणि इडल्यांचा विषय तिथेच संपला.

आमचं घर बॉस्टनच्या पश्चिमेला, १९५०च्या दशकातलं. गरम हवेचे डक्ट नाहीत, खोल्यांच्या कडेने गरम पाण्याचे बेसबोर्ड रेडिएटर, खाली तेलाचा बॉयलर आणि २७५ गॅलनची टाकी. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी घरं ढिगाने आहेत, आणि जवळच्या मेन राज्यात तर साधारण निम्मी घरं तेलावरच तापतात. आम्ही हीट पंप बसवला (उलट्या एसीसारखं, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेवरचं मशीन), त्याचा पश्चात्ताप नाही. पण वाटेत ज्या चुका झाल्या, किंवा होता होता राहिल्या, त्याच मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी नव्याने करताना दिसतं.

बॉयलरची सगळी कामं न मोजणं

बॉयलर घर तापवतो, एवढंच मी धरून चाललो होतो. तो आणखी तीन कामं बिनबोभाट करत होता: अंघोळीचं पाणी तापवणं, बेसमेंट उबदार ठेवणं आणि तिथली ओल वाळवणं. त्याच्या अंगातून आणि उघड्या पाइपांतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर बेसमेंट जगत होतं. आपण ती गळती थांबवतो आणि मग पाइप गोठायच्या बेतात येतात.

आमच्या बाबतीत त्यात भर पडली ती हीट पंप वॉटर हीटरची. हा हीटर आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो आणि गार हवा बाहेर सोडतो. उन्हाळ्यात छान, ओलही कमी होते. हिवाळ्यात मात्र थंड बेसमेंट आणखी थंड. उपाय फार खर्चिक नव्हता: पायाची भिंत आणि वरचं लाकूड जिथे भेटतं त्या कडेच्या फटी फोमने बुजवल्या, पाइपांना आवरण घातलं, वॉटर हीटरचं गार हवा सोडणारं तोंड बाहेरच्या भिंतीपासून लांब वळवलं. आता खाली ५५ अंश असतात. हे काम बॉयलर काढण्याआधी करायचं होतं, एवढंच.

वॉटर हीटर घेताना आणखी एक. बॉयलरच्या कॉइलवर पाणी तापत असेल तर गरम पाणी जवळपास न संपणारं असतं, त्यामुळे घरात किती लागतं याचा अंदाजच नसतो. हीट पंपवाला हीटर सावकाश तापवतो. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर ५० गॅलनच्या मोहात पडू नका. ६५ किंवा ८० घ्या.

जुन्या बॉयलरच्या स्टिकरवरून नवं मशीन ठरवणं

सगळ्यात महाग चूक ही. पहिला कंत्राटदार आला, बॉयलरवरचा तासाला १,२०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) आकडा वाचला, घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि पंधरा मिनिटांत पाच टनाचं कोटेशन लिहून मोकळा झाला. हे बॉयलर पूर्वीपासून गरजेच्या दुप्पट-तिप्पट बसवलेले असतात. तेलाचा बॉयलर तेवढं सहन करतो: पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. हीट पंपचा जीव मात्र मंद, सलग चालण्यात आहे. मोठं मशीन थोड्या थंडीत सारखं चालू-बंद होतं, वीज जास्त खातं आणि लवकर झिजतं. एका बाहेरच्या युनिटवर चार-पाच खोल्यांची युनिटं लटकवली की हा त्रास हमखास, कारण एकाच खोलीला थोडी ऊब हवी असली तरी बाहेरचा अजस्र कॉम्प्रेसर एका मर्यादेखाली उतरू शकत नाही.

खरी गरज काढायची रीतसर पद्धत म्हणजे मॅन्युअल जे. खोली, भिंत, खिडकी असं सगळं धरून केलेला उष्णतेचा हिशेब. तो मागा, लेखी मागा. पण कंत्राटदाराच्या आकड्यावर विश्वास ठेवावा का हे पडताळायला तुमच्याकडेच उत्तम पुरावा आहे: तेलाची बिलं.

आमचा हिशेब असा. वर्षाला ७०० गॅलन तेल. एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर घराला मिळाले सुमारे ७ कोटी ९५ लाख बीटीयू. बॉस्टनच्या हिवाळ्याची थंडी डिग्री-डे मध्ये (दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंशांच्या जितकं खाली, त्याची वर्षभराची बेरीज) मोजली तर वर्षाला ५,६०० च्या आसपास येते. तिला २४ तासांनी गुणायचं आणि येणाऱ्या आकड्याने घराला मिळालेले बीटीयू भागायचे. उत्तर आलं ५९१. म्हणजे बाहेर एक अंश फॅरेनहाइट उतरला की घराला तासाला ५९१ बीटीयू जास्त लागतात. हिशेबासाठी इथली कडाक्याची थंडी सुमारे १० अंश धरतात. ६५ वजा १०, म्हणजे ५५. गुणाकार केला तर ३२,५००.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. पाच टन कुठे आणि पावणेतीन कुठे! शिवाय यात अंघोळीच्या पाण्याचं तेल वेगळं काढलेलं नाही, म्हणजे खरी गरज याहूनही कमी.

हा कागद दाखवल्यावर दुसऱ्या कंत्राटदाराने मान डोलावली आणि टेप काढून खिडक्या मोजायला लागला. काम त्यालाच दिलं.

पण उलटी चूकही होते. मशीनच्या माहितीपत्रकावरची ठळक क्षमता ४७ अंश फॅरेनहाइटची असते. त्या तापमानाला इथे लोक स्वेटरवर फिरतात! पाच अंशाला ते मशीन किती देतं हे बघा. साध्या मॉडेलची ताकद तिथे बरीच घसरते. थंड हवामानासाठी बनवलेली मॉडेलं टिकून राहतात. ऊर्जाबचतीचं काम करणाऱ्या नीप (NEEP) या संस्थेची अशा मॉडेलांची यादी कुणालाही फुकट पाहता येते आणि तिच्यात पाच अंशाचे आकडे असतात. ४ फेब्रुवारी २०२३ ला बॉस्टनमध्ये पारा उणे १० फॅरेनहाइटवर गेला होता. तशी रात्र अनेक वर्षांतून एकदा येते. तिच्यासाठी मशीन एक टन मोठं घेण्यापेक्षा एक-दोन साधे इलेक्ट्रिक हीटर कपाटात ठेवणं परवडतं.

"इलेक्ट्रिक" म्हणजे सगळं एकच, असं समजणं

एका मित्राने तेलाच्या बॉयलरच्या जागी इलेक्ट्रिक बॉयलर बसवायचं ठरवलं होतं. पाइप तेच, रेडिएटर तेच, खर्च कमी. ऐकायला इतकं सोयीचं की मलाही पटलं. मग आम्ही पेन्सिल घेऊन बसलो.

८२ टक्के कार्यक्षमतेने एक गॅलन तेल घराला जेवढी उष्णता देतं, तेवढी विजेच्या कॉइलमधून काढायला सुमारे ३३ युनिट लागतात. आमच्याकडे युनिटला ३० सेंटच्या आसपास पडतात. म्हणजे एका गॅलनच्या जागी दहा डॉलर! हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरून आत ओढून आणतो; एका युनिटला हंगामाच्या सरासरीने अडीच-पावणेतीन युनिटांइतकी उष्णता देतो. त्याला तेवढंच काम करायला बारा-तेरा युनिट, साधारण पावणेचार ते चार डॉलर. मित्राने कोटेशन घडी करून खिशात घातलं.

आता खरं सांगतो. या हिशेबाने मॅसॅच्युसेट्समध्ये हीट पंप तेलापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. तेल साडेतीन डॉलरला असेल तर जेमतेम बरोबरी. "बिल निम्मं होईल" असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला तुमचा युनिटचा दर विचारा. बहुधा त्याला तो माहीत नसतो. नोव्हेंबर ते एप्रिल हीट पंपवाल्या घरांना इथल्या मोठ्या वीज कंपन्या वितरण आकारात सूट देतात, त्यामुळे गणित सुधारतं. तुमच्या नावावर तो दर लागलाय का, हे बिलावर शोधा. आणि हो, केंद्राची ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत २०२५ अखेर संपली. जुनं कोटेशन हातात असेल तर ती वजा धरू नका. मास सेव्ह या राज्यातल्या ऊर्जाबचत योजनेच्या सवलतीची रक्कम आणि अटी वर्षागणिक बदलतात; संपूर्ण घराच्या सवलतीसाठी घर आधी नीट बंदिस्त आणि इन्सुलेट केलेलं लागतं.

क्यूबेकमधल्या नातेवाइकांचं ऐकून मात्र ठरवू नका. तिथे जलविद्युत इतकी स्वस्त आहे की साधे इलेक्ट्रिक बेसबोर्डही परवडतात. तोच हीटर सीमेच्या या बाजूला आणला की दिवाळं.

जुने रेडिएटर वापरता येतील असं गृहीत धरणं

पाणी तापवणारा हीट पंप मिळतो आणि कल्पना मोहक आहे. पण तेलाचा बॉयलर बेसबोर्डमध्ये १८० फॅरेनहाइटचं पाणी फिरवतो, हीट पंप सुखाने देतो ते १२०-१३०. त्या पाण्यावर तेच बेसबोर्ड निम्म्याहूनही कमी उष्णता सोडतात. बिडाचे मोठे जुने रेडिएटर असतील तर कधी कधी जमतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे: एका थंडीच्या आठवड्यात बॉयलरचं पाणीच १३० वर उतरवून बघा. (बॉयलरला कमी तापमान दीर्घकाळ सोसत नाही, म्हणून प्रयोग थोडे दिवसच, आणि सेटिंग तंत्रज्ञाकडून करून घ्या.) घर गारठलं तर उत्तर मिळालं.

जागा आणि सवयी

बाहेरचं युनिट जमिनीवर टेकवू नका. बर्फाच्या वर राहील इतक्या उंच स्टँडवर हवं आणि छपराची वळचण त्याच्या डोक्यावर नको, नाहीतर पागोळ्या थेट पंख्यावर गोठतात. थंडीत त्यातून मध्येच वाफ निघते, पंखा थांबतो, खळखळ आवाज येतो. शेजारणीने आग लागली म्हणून आमचं दार ठोठावलं होतं! युनिट अंगावरचा बर्फ वितळवत असतं, बिघाड नाही.

आतलं युनिट स्वयंपाकघराजवळ लावू नका. आपल्या घरी रोज फोडणी होते. आमच्या एका युनिटने पहिल्या दोन महिन्यांत हात टेकले. जाळी काढली तर तेलाचा चिकट थर आणि त्यावर धूळ. मिरचीच्या ठेच्याचा वास सुद्धा येत होता. आता दर दोन आठवड्यांनी जाळी कोमट साबणाच्या पाण्यात जाते, आणि फोडणी देताना चिमणी चालू असते.

बाबांची तऱ्हा वेगळी. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायची पन्नास वर्षांची सवय. ते युनिटही बंद करत. रात्री खोली ५८ वर, सकाळी चालू केलं की मशीन पूर्ण ताकदीने धापा टाकणार, म्हणजे नेमकं सर्वांत कमी कार्यक्षमतेने. "बाबा, हे सायकलसारखं आहे, चढावर थांबलं की पुन्हा सुरू करणं अवघड," असं सांगितल्यावर त्यांना पटलं. ६८ वर ठेवायचं आणि हात लावायचा नाही. रिमोट मी तरीही वरच्या फळीवर ठेवला.

घराचं विजेचं पॅनल १०० अँपिअरचं असेल तर लगेच हजारो डॉलर घालून २०० करू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून भाराचा हिशेब करून घ्या. योग्य मापाचं मशीन असेल तर बरेचदा जागा निघते. वीज गेली की बॉयलरही बंदच पडतो, पण छोट्या जनरेटरवर तो चालतो, हीट पंप सहसा चालत नाही. तुमच्या भागात वीज दिवसच्या दिवस जात असेल तर लाकडाच्या शेगडीसारखी दुसरी सोय ठेवा.

टाकी काढली, पाइप राहिला

ही चूक हसण्यासारखी वाटते, पण नाही. तेल भरायचा पाइप घराच्या बाहेरच्या भिंतीवर असतो. टाकी काढली आणि पाइप तसाच राहिला, तर तेलाची गाडी येऊन शंभर-दीडशे गॅलन तेल सरळ बेसमेंटच्या जमिनीवर ओतून जाऊ शकते. न्यू इंग्लंडमध्ये असं घडलेलं आहे. माती खणून काढावी लागते आणि घराचा साधा विमा तेलाचं असं नुकसान बहुधा भरून देत नाही. म्हणून भरायचा आणि हवेचा, दोन्ही पाइप टाकीबरोबर त्याच दिवशी काढा, भोक सिमेंटने बुजवा, अग्निशमन खात्याच्या परवान्याची प्रत जपून ठेवा. तेल कंपनीला फोनवर नाही, लेखी कळवा.

मी फोनवर कळवलं होतं, दोनदा. जानेवारीत एका सकाळी बेल वाजली. दारात तेलवाला, मागे गाडी, आणि बर्फातून अर्ध्या अंगणापर्यंत ओढत आणलेली होज. तो भिंतीवरच्या सिमेंटच्या ठिगळाकडे बोट दाखवत विचारत होता, "इथला पाइप कुठे गेला?"