पेशंटच्या कॉटपाशी या चुका टाळा

पुण्यात आयसीयूच्या दाराशी चपला काढायला कुणी विसरत नाही. आत गेल्यावर मात्र लिफ्टचं बटण आणि मोबाईल हाताळलेल्या त्याच हातांनी सलाईनची सुई जागेवर आहे ना, हे दाबून बघितलं जातं. रुग्णालयातले जंतू चपलांपेक्षा हातांवरून जास्त फिरतात. भरतीच्या वेळी नसलेला आणि 48 तास उलटल्यावर दिसलेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयातला धरतात.

सगळ्यात जास्त घोळ लघवीच्या पिशवीचा. एक्स-रेला नेताना ती स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावर ठेवली जाते आणि नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, पण फरशीला टेकता कामा नये. वर-खाली होणाऱ्या कठड्याला न अडकवता कॉटच्या पक्क्या भागाला अडकवा, नळीला पीळ पडू देऊ नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायला सांगा; भांडं प्रत्येक पेशंटचं वेगळं, आणि पिशवीची तोटी भांड्याला लागू द्यायची नाही. जोड स्वतः उघडू नका.

एवढं सांभाळूनही कॅथेटर (मूत्राशयात घातलेली लघवीची नळी) असेपर्यंत दर दिवशी लघवीत जंतू येण्याची शक्यता साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढते. क्लेब्सिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनास हे जंतू नळीच्या आत चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून राऊंडला रोज एकच विचारा: "डॉक्टर, कॅथेटर आज काढता येईल का?" महागड्या इंजेक्शनची चौकशी करण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

कल्चरचा (लघवीत कोणते जंतू वाढतात ते पाहण्याच्या तपासणीचा) नमुना पिशवीतून घेतला तर रिपोर्ट फसवा येतो, कारण साठलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. तो कॅथेटरवरच्या नमुन्याच्या जागेतून, आणि शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला हवा. रिपोर्टमध्ये जंतू दिसले, पण ताप नाही, काही त्रास नाही, तर बहुतेकदा औषध लागत नाही. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा पेनिसिलिन म्हणजे रामबाण. आज स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू बहुतेकदा त्याला दाद देत नाही. उगाच दिलेल्या प्रत्येक डोसाचा या बदलाला हातभार लागतो.

ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी कमी झालं की कुणीतरी पिण्याच्या बाटलीतलं वरून ओततं. पिण्याचं सीलबंद पाणी निर्जंतुक नसतं, आणि स्यूडोमोनासला ओलावाच लागतो. जुनं पाणी फेकून, निर्जंतुक पाणी नव्याने भरायचं. हे काम सिस्टरनाच करू द्या. ॲसिनेटोबॅक्टर या जंतूचं उलटं: तो कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस, कधी आठवडे तग धरतो. त्यामुळे घरून आणलेला डबा कॉटवर उघडू नका, पलंगावर बसू नका.

सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. पेशंटला जुलाब होत असतील तर मात्र सॅनिटायझरवर विसंबू नका. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू (टणक कवचातलं रूप) अल्कोहोलने मरत नाहीत. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद हात धुवा.

सुईच्या जागी लाली, सूज, ठणका किंवा ओली चिकटपट्टी दिसली तर ती सरळ करत बसू नका. सिस्टरना त्याच मिनिटाला दाखवा, उद्याच्या राऊंडपर्यंत थांबू नका.