गिटारच्या पट्ट्याचं ढिलं बटण पक्कं कसं बसवावं

इलेक्ट्रिक गिटार साधारण 3 ते 4 किलोची असते. खांद्याला अडकवली की हा सगळा भार पट्टा अडकवायच्या दोन बटणांच्या छोट्या स्क्रूंवर येतो. बटण हलायला लागलं की बहुतेक जण पेचकस घेऊन ते आणखी आवळतात. इथेच नुकसान वाढतं, कारण खराबी बहुधा स्क्रूत नसते, लाकडात असते.

आधी तपासा. स्क्रू अर्धा-एक फेरा फिरून घट्ट बसला, तर तो नुसता सैल झाला होता. बटणाखाली फेल्टची चकती टाका, काम झालं. स्क्रू नुसता फिरतच राहिला किंवा बोटांनी ओढून बाहेर आला, तर भोकातले आटे गेले आहेत. काढलेल्या स्क्रूवर लाकडाचा भुगा अडकलेला दिसेल. स्क्रूच्या आट्यांनी लाकडाचे तंतू कुरतडून टाकलेले असतात, त्यामुळे त्याला धरायला काही उरत नाही.

अशा वेळी जास्त जाड स्क्रू घालायचा मोह टाळा. त्याचं डोकं बटणाच्या खोलगट भागात पूर्ण बसत नाही आणि वर आलेली कड पट्ट्याचं भोक कापत राहते. शिवाय शिंगाचं, म्हणजे गिटारच्या मानेजवळ पुढे आलेल्या टोकाचं, लाकूड अरुंद असतं, ते चिरू शकतं. स्क्रूला सुपरग्लू लावून तो आत ठोकणं तर त्याहून वाईट. पुढे कधी काढायची वेळ आली तर लाकूड घेऊनच बाहेर येतो.

भोक थोडंच मोठं झालं असेल, तर टूथपिक पुरतात. लाकडाचा पांढरा गोंद, टूथपिक, कटर, मेण, 2 आणि 2.5 मिमीचे ड्रिल बिट आणि स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस एवढं जवळ ठेवा. तारा काढायची गरज नाही. गिटार मऊ कापडावर आडवी ठेवा आणि भोकातला भुगा फुंकून काढा. एका टूथपिकने भोकाच्या भिंतींना आतून गोंद लावा. मग गोंदात बुडवलेल्या टूथपिक एकेक करून, आणखी एक जाणार नाही इथपर्यंत आत दाबा. सहसा 2 ते 4 लागतात. बाहेर आलेली टोकं कटरने पृष्ठभागाच्या सपाटीला कापा, सांडलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी स्क्रू थेट आत घालू नका. गच्च भरलेल्या भोकात तो वाट काढतो तेव्हा लाकूड फाकतं, नाहीतर स्क्रूच मधे तुटतो. आधी बारीक भोक पाडा. त्याचा व्यास स्क्रूच्या आटे वगळून मधल्या दांड्याएवढा हवा. 3.5 मिमीच्या स्क्रूला कठीण लाकडात 2.5 मिमी आणि बासवुडसारख्या मऊ लाकडात 2 मिमी चालतं. आट्यांवर मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओलावा ओढतो आणि स्क्रू गंजतो. शेवटी फेल्टची चकती आणि बटण लावून स्क्रू हातानेच फिरवा, पॉवर ड्रिलने नव्हे. फेल्ट किंचित दबलं की थांबा.

टूथपिकही सैल पडत असतील, तर लाकूड नव्याने भरावं लागेल. यासाठी कठीण लाकडाची 6 मिमीची खुंटी घ्या. बटणाचा तळ साधारण 12 मिमी रुंद असल्याने तिचं तोंड नंतर झाकलं जातं. भोकाभोवती मास्किंग टेप चिकटवा आणि ड्रिल आधी उलट दिशेने फिरवून वरची पॉलिश कापून घ्या, म्हणजे तिच्या खपल्या उडणार नाहीत. मग जुन्या भोकाच्याच कोनात, स्क्रूपेक्षा 3-4 मिमी जास्त खोल जा. किती खोल जायचं ते बिटवर टेप गुंडाळून आधीच ठरवा. शिंगाजवळ इलेक्ट्रॉनिक्सची पोकळी असेल, तर तिच्यात घुसणार नाही ना, हे आधी पाहा.

खुंटीच्या बाजूला कटरने एक लांब चर पाडायला विसरू नका. चर नसेल तर तळाशी अडकलेली हवा आणि गोंद बाहेर पडू शकत नाहीत. खुंटी अर्ध्यात अडते किंवा त्या दाबाने लाकूड चिरतं. गोंद लावून ती हलक्या हाताने ठोका आणि 24 तास ठेवा. मग वर आलेला भाग बारीक करवतीने कापून पॉलिश पेपरने सपाट करा. पुढचं सगळं टूथपिकच्या कामासारखंच.

काम झालं की पलंगावर गिटार धरून पट्टा चढवा आणि हळूहळू भार द्या. बटण हललं नाही तरच उभं राहून वाजवा.

अकूस्टिक गिटारच्या शेपटाकडचं बटण बऱ्याचदा स्क्रूचं नसतंच. ती निमुळती खुंटी असते आणि नुसत्या घर्षणावर बसलेली असते. ती सैल असेल तर तिच्यावर खडू घासून भोकात फिरवा. खडू जिथे पुसला जातो तिथेच ती टेकते आहे. तिच्याभोवती कागदाची पातळ पट्टी गुंडाळून बसवा, पण गोंद लावू नका. आधी ध्वनिछिद्रातून हात घालून आतला लाकडी ठोकळा चिरलेला नाही ना, हे चाचपून पाहा. चीर असेल तर पट्टा लावू नका, ती आधी जुळवून घ्या. आणि त्या बटणातच केबलचं सॉकेट असेल, तर ते बाहेरून फिरवू नका, आतल्या तारा पिळून तुटतात. सॉकेटमधून बारीक सळई घालून ते स्थिर धरा आणि फक्त नट पान्याने आवळा.