आईच्या कालनिर्णयचं आर्टवर्क कसं झालं (आणि तुमचं कसं करता येईल)

कन्सेप्चुअल आर्ट (म्हणजे जिथे चित्राच्या देखणेपणापेक्षा त्यामागची कल्पना महत्त्वाची) करायचंय म्हटलं की बरेच जण आधी 'काळ', 'स्त्री', 'एकटेपणा' असला मोठा शब्द धरतात आणि मग त्याला चित्र शोधत बसतात, आणि तिथेच गाडी अडते. त्यापेक्षा घरातली एक वस्तू घ्या, जी बघितली की पोटात काहीतरी हलतं.

माझ्यासाठी ते आईचं कालनिर्णय होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात निळ्या बॉलपेनने दुधाचा हिशोब, 'दीड' नाहीतर 'एक', दूधवाल्याचा खाडा असेल तर फुली, आणि एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'गॅस लावला'. मी आधी ते सरळ कॅनव्हासवर ऑइलमध्ये रंगवलं. दिसलं छान, पण त्यातून काहीच सांगितलं जात नव्हतं.

मग दोन आठवडे चित्र बंद, रोज फक्त वहीत लिहायचं की यात मला नेमकं काय टोचतंय. ही स्टेप कंटाळवाणी आहे पण प्लीज सोडू नका, प्रभाकर बरवे यांच्यासारखा मोठा चित्रकारसुद्धा वर्षानुवर्षं डायऱ्यांमधून विचार करत होता. शेवटी एक वाक्य आलं: दूधवाल्याचे खाडे मांडणाऱ्या बाईचा स्वतःचा एकही खाडा नाही. हाच कन्सेप्ट! तुमचंही असं एक वाक्य होईपर्यंत थांबा, आणि ते शेजारच्या काकूंनाही कळलं पाहिजे.

वाक्य मिळालं की मटेरियल आपोआप ठरतं. ऑइल गेलं, कालनिर्णयचाच कागद आणि निळं बॉलपेन आलं.

आता एक नियम करा आणि तो पाळा. ऑन कावारा या जपानी कलाकाराने ४ जानेवारी १९६६ पासून त्या त्या दिवसाची तारीख रंगवायला घेतली, ते चित्र मध्यरात्रीच्या आत पूर्ण झालं नाही तर तो ते नष्ट करायचा, म्हणून त्याच्या त्या साध्या तारखांना एवढं वजन आहे. माझा नियम असा की वर्षभर रोज रात्री आईला फोन, आज किती वाजता उठलीस, तो आकडा चौकोनात, आणि तिचा खाडा झाला तरच फुली.

मग कमी करा. मी कडेला तिचे फोटो चिकटवले होते, ते सगळे काढले. भारतात जन्मलेल्या चित्रकार झरीना हाश्मींच्या 'होम इज अ फॉरेन प्लेस'मध्ये (१९९९) ३६ वुडकट (लाकडावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) आहेत, प्रत्येकात थोड्याशा काळ्या रेषा आणि एक उर्दू शब्द, तेवढ्यात घर सुटल्याचं सगळं दुःख येतं. ते बघितल्यावर माझे फोटो फार झाले होते हे लगेच कळलं.

शेवटी कुणालातरी काही न सांगता दाखवा आणि स्वतः गप्प बसा. मी बारा पानं ओळीने लावून आधी आईलाच दाखवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी मी फुली मारली होती, तिथे तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं, सकाळचा चहा मीच करून निघाले होते की."