सारख्या दिसणाऱ्या ऑफ-व्हाइटमधून एक कसा निवडायचा

भिंतीच्या रंगाच्या शेडकार्डवरचे चार ऑफ-व्हाइट सारखेच वाटत असतील, तर कार्डाला लागून झेरॉक्सचा कोरा कागद धरा. शेजारी शुभ्र काही नसलं की डोळा समोरच्या रंगालाच पांढरा मानून मोकळा होतो. कागद आला की एक पिवळसर, एक गुलाबीसर, एक हिरवट आणि एक राखाडी हे लगेच कळतं. (हा कागद मुद्दाम उजळवलेला असतो, त्याच्यापुढे सगळेच रंग थोडे मळकट दिसणार. तिकडे लक्ष न देता चौघांतला फरक बघा.) तरी झाक ओळखू येत नसेल, तर त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटा बघा. खाली मातकट पिवळा असेल, तर वरच्या फिक्यातही बहुधा तोच आहे, थेंबभर.

झाक कोणती घ्यायची ते फरशी ठरवते, कारण ती बदलायची नसते. नाशिकच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्यांच्यावर राखाडी झाकेची भिंत निळसर आणि थंड दिसते, वर फरशीच जुनाट वाटू लागते. तिथे पिवळसर झाकच बसते, फक्त फरशीपेक्षा स्पष्ट फिकी हवी. कोटा फरशी हिरवट-करडी असते. तिच्याशेजारी गुलाबीसर ऑफ-व्हाइट आणखी गुलाबी होतो. तिथे राखाडी किंवा किंचित हिरवट छटा घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यात सागवानी खांब-तुळया असतील, तर पिवळसर छटा लाकडात मिसळून जाते.

यानंतर उजेड. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. अशा खोलीत राखाडी छटा उदास दिसते. पश्चिमेच्या खोलीत उलट: दुपारी चारनंतरचं ऊन फिक्या पिवळ्याचं लोणी करून टाकतं, म्हणून तिथे राखाडीकडे झुका. दक्षिणेच्या खोलीत ऋतू सांभाळावा लागतो. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ दोन महिने इथे भरदुपारचा सूर्य डोक्यावर किंवा जरा उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हाचं ऊन आत येत नाही. डिसेंबरात तेच ऊन खोलीत बरंच आत येतं. मे महिन्यात पास केलेली छटा थंडीत वेगळी दिसते ती यामुळे.

दसरा-दिवाळीचं रंगकाम ठरवताना हीच चूक होते. छटा निवडली जाते श्रावण-भाद्रपदात, ढगाळ करड्या उजेडात. त्यात पिवळी झाक दबते, म्हणून माणूस एक पायरी गडद घेतो, आणि ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की भिंती पिवळ्याधमक. पावसाळ्यात निवडायचंच असेल तर उघडीप मिळेल तो दिवस धरा. खिडकीबाहेर गर्द झाडं किंवा शेजारच्या गच्चीवर निळा पत्रा असेल, तर तो रंगही भिंतीवर येतो. शिवाय समोरासमोरच्या भिंती आपला रंग एकमेकींवर टाकतात, त्यामुळे खोलीत झाक कार्डापेक्षा गडदच भासते. दोन छटांत अडकलात तर फिकी घ्या.

नमुना भिंतीवर मारू नका. जुना रंग शेजारी राहतो आणि नजर फसते; रंगाऱ्याला पुढे तो चौकोन घासावा लागतो तो वेगळाच. दोन बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे तुकडे घ्या, प्रायमरचा एक हात द्या, मग रोलरने रंगाचे दोन हात, मध्ये चार तास ठेवून. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) सुकल्यावर सहसा थोडा गडद होतो, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी. बोर्ड उभाच ठेवा, आडव्या बोर्डावर उजेड वेगळा पडतो. एकदा खिडकीसमोरच्या भिंतीला, एकदा खिडकीच्याच भिंतीला टेकवा; ही दुसरी भिंत खोलीतली सगळ्यात अंधारी असते. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. आता मात्र पांढरा कागद दूर ठेवा, कारण राहताना तो शेजारी नसणार.

दिवे आधी ठरवा, रंग मागून. 6500 केल्विनची (निळसर पांढऱ्या उजेडाची) ट्यूब झाकेतला पिवळेपणा मारते, 3000 केल्विनचा (पिवळसर उजेडाचा) दिवा तो वाढवतो. दुकानात बहुधा पांढऱ्या ट्यूबच असतात, म्हणून तिथे जुळलेल्या दोन छटा घरी वेगळ्या दिसू शकतात.

दुकानातलं टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या, काळ्या, लाल रंगद्रव्याचे अगदी थोडे थेंब सोडतं. लिटरभर डब्यात हे प्रमाण इतकं बारीक असतं की अर्ध्या थेंबाने झाक सरकते. म्हणून पूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या. एका कंपनीचा कोड (छटेचा क्रमांक) दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये ‘मॅच’ करून देतात, तो ऑफ-व्हाइटमध्ये क्वचितच तंतोतंत येतो. रंगाऱ्याने बादलीत हाताने स्टेनर (बाटलीतलं रंगद्रव्य) टाकून केलेली छटा तर पुन्हा कधीच मिळत नाही.

हिशेब असा: 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 440 चौरस फूट भिंत. दार-खिडक्यांचे 70 वजा केले की 370. लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण 60 चौरस फूट धरले, तर सव्वासहा लिटर लागतो. सात घ्या आणि सगळे डबे मोठ्या बादलीत ओतून एकजीव करा, नाहीतर डब्याडब्यातला फरक नेमका दर्शनी भिंतीवर दिसेल.

छताला भगभगीत पांढरा मारलात, तर त्याखाली उत्तम ऑफ-व्हाइटही मळका दिसतो. छताला तीच छटा द्या. दारांना पांढरा ऑइलपेंट मारलात तर तो काळाच्या ओघात पिवळा पडतो, अंधाऱ्या बोळात जास्तच. पाण्यात मिसळणारं इनॅमल पांढरं टिकतं. आणि पावसाळ्यानंतर भिंतीत ओल असेल तर कोणतीही छटा डागाळणारच. ओल तपासायला भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून 24 तास ठेवा. आतून दव जमलं तर काम थांबवा.

उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, वर कोड आणि तारीख लिहा, डब्यावरच्या स्टिकरचा फोटो ठेवा. पुढे डाग पडला तर ठिगळ नको. तेवढीच भिंत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.