जुन्या मोनो रेकॉर्डसाठी कार्ट्रिज घेताना

मोनो रेकॉर्डच्या खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टिरिओ कार्ट्रिज (म्हणजे प्लेअरच्या दांड्याच्या टोकाचा, सुई असलेला भाग) मात्र उभी हालचालही टिपतं, आणि मोनो रेकॉर्डवर त्यातून मिळते ती निव्वळ धुळीची आणि झिजेची खरखर. म्हणून आधी अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण आहे का ते बघा. ते दाबलं की बरीच खरखर गळून जाते, आणि खिशाला चाटही बसत नाही.

तरी कार्ट्रिज घ्यायचंच असेल तर डब्यावरच्या ‘मोनो’ शब्दावर जाऊ नका, सुईचं टोक बघा. १९५० च्या दशकातल्या एलपीला साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येची सुई नीट बसते. स्टिरिओची १८ मायक्रॉनची सुई त्याच खाचेत जास्त खोल उतरते. मात्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मोनो रेकॉर्डवर ती बहुधा चालून जाते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं गणितच वेगळं, तिथे साधारण ७५ मायक्रॉन लागतात.

आणि हो, जुन्या काळच्या अनेक अस्सल मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली जवळपास हलतच नाही. तिच्याखाली स्टिरिओ रेकॉर्ड ठेवलीत, तर खाच खरवडली गेलीच म्हणून समजा.