सूत्रातला न दिसणारा गुणाकार कसा हाताळावा

पाढे पाठ असलेली मुलंही सूत्रात किंमत घालताना अडतात, कारण तिथे गुणाकाराचं चिन्हच लिहिलेलं नसतं. ५अ म्हणजे ५ × अ. यात अ = ३ घातल्यावर उत्तर १५ येतं, पण अंक नुसते शेजारी मांडून ५३ लिहिणारे कमी नाहीत. म्हणून सूत्र वहीत उतरवलं की आधी लपलेला प्रत्येक गुणाकार पेन्सिलने उघड करा. आयताची परिमिती २(लांबी + रुंदी) असेल, तर २ × (लांबी + रुंदी) असं लिहा. १२ फूट बाय १० फुटांच्या खोलीची परिमिती ४४ फूट होते. कंस विसरलात तर ३४ येईल आणि स्कर्टिंगची फरशी १० फूट कमी पडेल.

मग किंमत घाला, आणि तीही कंसात. ५क्ष² मध्ये क्ष = −३ असेल, तर ५ × (−३)² असं मांडा. वर्ग फक्त क्षचा आहे, ५ चा नाही. आधी (−३)² = ९, मग ५ × ९ = ४५. कंस गाळला की −४५ येतं, आणि ५ ला आधी गुणून वर्ग केला की २२५.

आता सगळ्यात जास्त गुण घालवणारी जागा: (अ + ब)². बरेच जण याचं अ² + ब² करून मोकळे होतात. इथे सूत्र घोकण्याआधी चित्र काढा, मी तर हाच आग्रह धरेन. गुंठा घ्या: ३३ फूट बाय ३३ फूट. कागदावर चौरस काढा आणि प्रत्येक बाजूचे ३० आणि ३ असे भाग पाडून आडवी-उभी रेघ मारा. चार तुकडे होतील. मोठा चौरस ३० × ३० = ९००. कोपऱ्यातला छोटा ३ × ३ = ९. आणि कडेच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ३० × ३ = ९०. बेरीज १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. अ² + ब² करणाऱ्याच्या हाती ९०९ येतात, कारण त्या दोन पट्ट्यांची १८० चौरस फूट जमीन त्याने सोडलेली असते. सूत्रातलं २अब म्हणजे याच दोन पट्ट्या. एकदा हे डोळ्यांनी दिसलं की (अ + ब)² = अ² + २अब + ब² वेगळं पाठ करावं लागत नाही.

त्रिकोणाला फार वेळ द्यायला नको: पाया × उंची, आणि त्याचं निम्मं. फक्त उंची पायाला काटकोनात मोजलेली हवी, तिरकी बाजू चालत नाही.

वर्तुळात मात्र क्रम सांभाळा. गोल टाकीचं घनफळ π (पाय, साधारण २२/७) × त्रिज्या² × उंची. टाकीचा व्यास १.४ मीटर आणि उंची १.५ मीटर असेल, तर आधी त्रिज्या काढा, ०.७. तिचा वर्ग ०.४९. त्याला २२/७ ने गुणलं की १.५४, आणि उंचीने गुणलं की २.३१ घनमीटर, म्हणजे २३१० लिटर. त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर उत्तर दुप्पट नाही, चौपट होतं, कारण दुपटीचाही वर्ग होतो.

शेवटी एककं तपासा, कारण आकड्यांबरोबर त्यांचाही गुणाकार होत असतो. २० फूट बाय १५ फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब टाकायचा आहे. २० × १५ × ५ = १५०० हे उत्तर ना घनफूट, ना घनइंच. आधी इंचांचे फूट करा, ५/१२. मग ३०० × ५/१२ = १२५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून काँक्रीट लागेल सव्वा ब्रास.