बॅजच्या मागची हिरवी बुरशी (बुरशी नाहीच ती) कशी काढली, माझा अनुभव

ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांची स्वतःची जहाजं होती, त्यांचे जुने इनॅमल बॅज मी जमवतो. माझ्याकडचा वेव्हर्ली या जहाजाचा बॅज ज्याच्याकडून घेतला त्याने तो मऊ पीव्हीसीच्या पाऊचमध्ये कित्येक वर्षं ठेवलेला, त्यामुळे मागच्या पितळेवर हिरवा चिकट थर आलेला आणि पिन जाम. घरी सगळे म्हणाले चिंच लाव, लिंबू लाव. अजिबात नाही! आम्ल कडेच्या बारीक भेगांतून इनॅमलखाली शिरतं आणि आतलं पितळ खातं.

मग काय केलं, तर भिंगाखाली लाकडी टूथपिकने हळूहळू खरवडलं, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं, पुन्हा खरवडलं, वेळ लागतो पण पिन सुटली. वाळल्यावर मागे मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (संरक्षक मेणाचा) पातळ हात. पिन थोडी ढिली आहे तरी डाग देणार नाही (सोल्डरिंग करणार नाही), कारण इनॅमल म्हणजे काचच, उष्णतेने तडकते. आता पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलाय.

साफ झाल्यावर बॅजवरच्या जहाजाचं फनेल (धुराडं) पिवळसर आणि वर काळं दिसलं. जहाज १९४७ मध्ये एलएनईआर या रेल्वे कंपनीसाठी सेवेत आलं तेव्हा फनेल लाल-पांढरं-काळं होतं, १९४८ ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर पिवळसर झालं, म्हणजे हा बॅज ब्रिटिश रेल्वेच्या काळातलं रूप दाखवतो. उलट लाल फनेलवाला मिळाला तर लगेच जुना समजून जास्त पैसे मोजू नका, जहाज आजही चालतं आणि आता पुन्हा त्याच लाल-पांढऱ्या-काळ्या रंगात आहे.